गायकाची लेखणी आणि संगीतविषयक नियतकालिक

काशीच्या अमृतराव घाटाने (आजचा राजाघाट) पेशवेकुळातील अमृतरावांचे नाव जपले. मराठी संगीतविचाराशीही या नगरीचा संबंध आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने भरू लागलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेचे तिसरे अधिवेशन १९१९ मध्ये येथेच झाले. परंतु परिषदेतील चर्चा अधिवेशनाबरोबर संपते. ती पुढे चालण्यास नियतकालिक लागते. १९४७ मध्ये निघालेल्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाचे महत्त्व यातच आहे. त्याचे संपादक प्रा. बी. आर. देवधर हे पलुस्करांचे शिष्य, स्वतः गायक आणि कुमार गंधर्वांचे गुरू. पाश्चात्त्य संगीताचेही त्यांनी अध्ययन केले होते. संगीताविषयी काय वाचावे, असे विचारणाऱ्या रसिकाला त्यांचा ‘थोर संगीतकार’ हा ग्रंथ प्रथम सुचवावा. त्यात तालीम, आवाज व बंदिशींची देवघेव कलावंताच्या कानाने टिपली आहे. मात्र त्यातील पुष्कळसा मजकूर गायकांच्या तोंडून ऐकलेला आहे. म्हणून आठवण आणि घटना यांतील भेद अभ्यासकाने सोडू नये. मौखिक परंपरा लेखनात उतरताना काय गाळले गेले, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्याही कक्षेत येतो.