धावण्याची शर्यत आणि डोंगरातील औषधपाणी

शर्यत म्हटली की वऱ्हाडातील माणसास प्रथम शंकरपट आठवतो. जोडी सुटते, बक्षीस वाटले जाते, आणि धुरळा खाली बसला म्हणजे गोष्ट संपते. परंतु शर्यतीचा दुसराही एक प्रकार आता रूढ झाला आहे, व त्याकडे गावोगावच्या वाचकांनी लक्ष पुरवावे असे आम्हांस वाटते. ह्यात धावणारा आपल्या ओळखीच्या लोकांस सांगतो, ‘मी एवढा पल्ला धावणार आहे, तुम्ही अमुक इस्पितळास ऐपतीप्रमाणे द्या.’ त्यास स्वतःला काहीच मिळत नाही.

2004 साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन हे ह्याचे ठळक उदाहरण होय. तिचा पूर्ण पल्ला 42.195 किलोमीटर, म्हणजे सुमारे तेरा कोस. सेवाभावी संस्था आपली नावे नोंदवितात, धावणारे त्यांच्या वतीने निधी मागतात, आणि जमलेला पैसा ‘युनायटेड वे मुंबई’ ह्या संस्थेमार्फत ज्याच्या त्याच्याकडे पोहोचतो. 2020 च्या एका शर्यतीत अशा रीतीने चाळीस कोटींहून अधिक रुपये जमले. पहिला येणारा एकच असतो; पण सर्वांच्या मागून लंगडत आलेल्याने मिळविलेल्या शंभर रुपयांची किंमत शंभरच राहते.

लोक धावणाऱ्यास का देतात? पेटी फिरविली तर माणूस दोन-पाच रुपये टाकून मोकळा होतो. परंतु शेजारचा मुलगा चार महिने पहाटे उठून धावताना दिसला, तर त्याने आधी आपले श्रम घातले आहेत हे कोणास सांगावे लागत नाही. पायी दिंडीतील वारकऱ्यास वाटेवरची गावे भाकरी देतात, त्यातही काहीसा हाच भाव असावा.

आता आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. अमरावतीच्या उत्तरेस मेळघाट. धारणी व चिखलदरा ह्या तालुक्यांत तीनशेहून अधिक गावे असून वस्ती बहुतांशी कोरकू लोकांची आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. पावसाळ्यात सिपना, खापरा ह्या नद्या फुगल्या की कित्येक गावांची वाट बंद होते, आणि तापाने फणफणलेले मूल आईच्या मांडीवरच राहते. डॉ. रवींद्र कोल्हे प्रथम बैरागडास गेले, तेव्हा तेथे पोहोचण्यास सुमारे चाळीस किलोमीटर चालावे लागे. त्यांनी व डॉ. स्मिता कोल्हे ह्यांनी तेथेच संसार मांडून नाममात्र फी घेऊन रोगी तपासले. 2019 साली दोघांस पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव व डॉ. कविता सातव ह्यांच्या ‘महान’ संस्थेचे इस्पितळ आहे.

अशा कामास पैसा द्यावयाचा तो कशाकरिता, हा खरा प्रश्न आहे. देणाऱ्यांस इमारत किंवा गाडी द्यावीशी वाटते, कारण तिच्यावर नाव रंगविता येते. पण डिझेल व चालकाचा पगार ह्यांची तरतूद नसली, तर गाडी छपराखाली उभी राहते आणि नाव तेवढे चकाकत असते. गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी 39 गावांतील स्त्रियांस शिकवून तयार केले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळाचे वजन करीत, त्यास ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध टोचीत. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. तराजू, तापमापक, गरम दुपटे, औषधे, आणि त्या बाईचे मानधन: वर्गणी मागावयाची ती ह्यांकरिता. गावची बाई चालत पोहोचते तेथे मोटार पोहोचत नाही.

शर्यतीसाठी मुंबईस जाण्याची गरज नाही. ज्या अमरावतीत 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, तेथे धावणे शिकविणारे मिळतील. अकोल्याच्या शाळांतही हौशी मुले पुष्कळ. आधी त्या इस्पितळाच्या डॉक्टरांस काय हवे ते विचारावे. मंडप, कर्णे व छापील सदरे ह्यांचा खर्च वर्गणीतून करू नये. तसे झाल्यास निधीचा मोठा वाटा शर्यतच खाऊन टाकते. प्रत्येकास पावती द्यावी व हिशेब चावडीवर वाचून दाखवावा. छातीचा विकार असलेल्यास धावू देऊ नये. त्याने पाणी वाटावे. वाटेत डॉक्टर असावा.

दिवस मात्र हिवाळ्यातला धरावा, व तो केवळ थंड हवेसाठी नव्हे. मेळघाटातील बालकांस सर्वांत कठीण काळ पावसाळ्याचा. रक्कम श्रावणात हाती आली तर औषध नदीच्या अलीकडेच पडून राहील. पौषात धावावे आणि होळीपर्यंत पैसा डॉक्टरांच्या हाती द्यावा, म्हणजे मृगाआधी पेट्या वर जाऊन पोहोचतील.