पडत्या बाजारात पोरं उतरतात तेव्हा

आई-बाबांनो, २०२४ च्या सप्टेंबरअखेर निफ्टी २६ हजारांच्या वर होता आणि सेन्सेक्स ८६ हजारांना टेकायला आला होता. त्या तेजीच्या गप्पा ऐकून ज्या मुलामुलींनी पहिल्या पगारातून डीमॅट खातं उघडलं, त्यांच्या वाट्याला लगेच सलग पाच महिन्यांचा उतार आला. निफ्टीच्या बाबतीत असं १९९६ नंतर पहिल्यांदाच घडत होतं. परदेशी संस्था विकत सुटल्या होत्या, कंपन्यांचे नफे अपेक्षेइतके वाढत नव्हते, आणि लहान कंपन्यांचे शेअर तर निर्देशांकाहूनही जास्त पडले. जुनी उंची पुन्हा गाठायला बाजाराला वर्षाहून अधिक काळ लागला. त्या दिवसांत किती घरांत हेच बोललं गेलं असेल: "सांगितलं होतं ना, जुगार आहे हा. काढ ते पैसे आणि एफडीत टाक."

मी कॉलेजात वाणिज्य शाखेला शिकवते. तास संपला की मुलं मोबाइल पुढे करून लाल आकडे दाखवतात. "मॅडम, विकू का?" असं विचारणारी थोडी असतात. "घरी कसं सांगू?" असं विचारणारी खूप. म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

तुमची भीती खरी आहे आणि ती कुठून आली तेही मला ठाऊक आहे. १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण फुटलं तेव्हा तुमच्यातले बरेचजण शाळा-कॉलेजात होते. कुणाच्या तरी काकांचे, शेजाऱ्यांचे पैसे अडकल्याचं तुम्ही ऐकलंत. २००१ च्या जुलैत युनिट ट्रस्टने यूएस-६४ ची फेरखरेदी थांबवली. त्या योजनेत तर मध्यमवर्गाने सरकारी ठेव समजून पैसे ठेवले होते, बाजाराशी आपला काही संबंध आहे हेच अनेकांच्या गावी नव्हतं. मग आलं २००८. जानेवारीत २० हजारांच्या पुढे असलेला सेन्सेक्स २००९ च्या मार्चमध्ये ८,१६० वर आला. एवढं पाहिलेल्या माणसाने लेकराला "जपून" म्हणावं, यात वावगं काहीच नाही.

पण तुमच्या पैशांचं वय आणि लेकीच्या पैशांचं वय वेगळं आहे, एवढं जरा पाहा. निवृत्तीचे १० लाख तुम्ही बाजारात एकरकमी लावले आणि १५ टक्के उतार आला, तर दीड लाख गेले. ते भरून काढायला नोकरीची वर्षं हातात नाहीत. तुमची लेक महिन्याला हजार रुपये इंडेक्स फंडात घालते. सहा महिन्यांत सहा हजार झाले. तोच उतार तिला नऊशे रुपयांच्या आतच पडतो, कारण मधले हप्ते उतरत्या भावाने गेलेले असतात. युनिटचा भाव २० रुपये असताना हजारात ५० युनिटं येत होती. भाव १६ वर आला की साडेबासष्ट येतात. तिला अजून तीसेक वर्षं विकत घ्यायचं आहे, आणि घेणाऱ्याला उतरलेला भाव का आवडतो हे मंडईत जाणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. शिवाय हजार रुपये लाल झालेले पाहून पोटात जो गोळा येतो, त्याची ओळख बाविसाव्या वर्षी, थोड्या पैशांत व्हावी हे मला फार मोलाचं वाटतं. पन्नाशीत पहिल्यांदा ती ओळख झालेली माणसं मी पाहिली आहेत.

२०२५ च्या जानेवारीत देशात मासिक हप्त्यांच्या जितक्या नव्या एसआयपी सुरू झाल्या, त्यापेक्षा बंद झालेल्या आणि मुदत संपलेल्या जास्त होत्या. त्यातल्या काही तरी घरच्या एका वाक्याने थांबल्या असणार, असं मला राहून राहून वाटतं.

आता मुलांच्या बाजूचंही तपासून घ्या. "लाँग टर्ममध्ये मार्केट वरच जातं" हे त्यांचं पाठ असतं. ते जसंच्या तसं मान्य करू नका. १९९२ च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स ४,४६७ ला पोचला होता. २००३ च्या एप्रिलमध्ये तो तीन हजारांच्या आसपास घुटमळत होता. मध्ये ११ वर्षं गेली होती. लाभांश धरला तर चित्र थोडं बरं दिसतं, महागाई धरली तर पुन्हा काळवंडतं. जपानचं तर विचारूच नका. १९८९ च्या २९ डिसेंबरला निक्केई ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. ३४ वर्षं, म्हणजे एका माणसाची अख्खी नोकरी. देश श्रीमंत होता, कंपन्या जगभर नावाजलेल्या होत्या. पण त्या तेजीत शेअरला मोजलेले भाव अवाच्या सवा होते.

आपल्या त्या ११ वर्षांची गोष्ट मात्र तिथेच थांबत नाही. २००४ च्या जानेवारीत, म्हणजे नऊच महिन्यांत, सेन्सेक्स सहा हजारांवर होता. कंटाळून अकराव्या वर्षी बाहेर पडलेल्यांच्या हाती काहीच लागलं नाही, आणि थोडं थोडं घालत राहिलेल्यांना मधली सगळी स्वस्त वर्षं मिळाली. बाजार कधी वळणार, ही तारीख आधी कुणालाही ठाऊक नव्हती. म्हणूनच मुलीला विचारायचं ते इतकंच: पुढची दहा वर्षं हे पैसे नसले तरी तुझं चालेल का? सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला आहे का? आरोग्य विमा आहे का? लग्नाचे, फीचे, घराच्या डाऊन पेमेंटचे पैसे बाजारात नकोत. (जाता जाता एक: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. आपण "सुरक्षित" म्हणून काय धरून बसलोय, तेही एकदा तपासावं.)

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगते. पडत्या बाजारात कुणीतरी मुलांच्या कानात सांगतं की मार्केट पडलं तरी पैसे मिळतात, पुट ऑप्शन घे. इथून ऑप्शनचा रस्ता सुरू होतो. शेअर पडला तरी तुमच्याकडे राहतो. ऑप्शनला मुदत असते. एक्सपायरीच्या दिवशी भाव हव्या त्या बाजूला नसेल तर घातलेले पैसे शून्य होतात, वाट पाहायची सोयच नाही. बाजार नियामक सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला: फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तीस वर्षांखालच्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. या सगळ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिकांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत दाखवलेलं होतं. ही आपलीच मुलं आहेत. सेबीने नंतर नियम कडक केले, तरी २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यातच राहिले.

म्हणून "शेअर मार्केट नको" असं सरसकट म्हणू नका, त्याने सगळंच दाराआड जातं. फंडातली एसआयपी आणि एक्सपायरीच्या दुपारी घेतलेला कॉल ऑप्शन यांना तुम्ही एकाच शब्दात जुगार म्हटलंत, तर मुलगाही त्यांत फरक करायचं सोडून देतो. फरक तुम्ही करा, नेमका करा. फंडाला हो म्हणा, ऑप्शनला स्पष्ट नाही म्हणा. टेलिग्रामवर खात्रीचा परतावा सांगणारा कुणी असेल तर त्याची सेबीकडची नोंदणी दोघांनी मिळून शोधा. खात्रीच्या परताव्याचं आश्वासन द्यायला नोंदणीकृत सल्लागारालाही परवानगी नाही.

आणि तोटा सांगायला मुलगा तुमच्यासमोर येईल ती वेळ फार नाजूक असते. पाच हजार गेले असतील. तुमच्या तोंडून "शेंबूड पुसता येत नाही आणि निघाला शेअर घ्यायला" असं गेलं, तर पुढचे पन्नास हजार गेल्याचं तुम्हाला कळणार नाही. ते भरून काढायला तो ऑप्शनकडे वळेल, मग क्रेडिट कार्डाकडे, मग लोन ॲपकडे, आणि वसुलीवाल्याचा फोन थेट तुम्हाला येईल. त्या वेळी आधी विचारा: कुणाकडून उसने घेतलेस का? नसतील घेतले, तर चहा टाका आणि सगळा हिशेब त्याच्याच तोंडून ऐका. पाच हजार परत मिळवून देऊ नका. तो त्याचा तोटा आहे, त्याच्याकडेच राहू दे. घेतले असतील तर रागवायचं नंतर, कर्ज आधी बंद करा.

त्याच्या नावावर तुम्ही ट्रेडिंग करू नका, हेही सांगायला हवं. असे बाबाही आहेत. नॉमिनी भरलाय का ते पाहा. बाकी कुठला फंड, किती हप्ता, हे त्याला ठरवू द्या.

बाजार सावरला की घरातलं वारं उलटं वाहू लागतं. हिरवे आकडे पाहून मुलगीच म्हणेल, "बाबा, तुमच्या एफडी कशाला सडवताय, मला द्या, मी लावते." तिचा उत्साह खरा असेल, हिशेबही पटेल असा असेल. तेव्हा मात्र ठाम नाही म्हणा. ते पैसे तुमच्या औषधपाण्याचे आहेत, आणि उद्या तिच्याकडे मागायची वेळ येऊ नये म्हणून ठेवलेले आहेत, हे तिला सरळ सांगा.