भंगारातील आरसा

जुन्या मोटारीच्या सुट्या भागांपासून घरातील शोभेच्या वस्तू करण्याचा छंद तुमच्यापैकी काहींना असेल. कोणी गिअरच्या चक्रात घड्याळ बसवतो, कोणी पिस्टनचा लेखणीदान करतो. या सर्व भागांत हेडलाइट हा दिसायला देखणा आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक. अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. अशा जुन्या गाड्यांचे सुमारे सात इंची गोल हेडलाइट भंगारवाल्याकडे मिळून जातात.

आमच्या अंबाजोगाईत माझ्या भाचीने असाच एक आणला. पुढची काच फुटलेली होती, ती तिने काढून टाकली. आतील चकचकीत वाटी उताणी ठेवून बल्बच्या भोकात वाळलेल्या कुरडूच्या चारपाच काड्या खोचल्या आणि ही फुलदाणी गच्चीच्या कठड्यावर मांडली. मे महिन्याचा मध्य होता. दुपारी साडेबाराच्या थोडे आधी ती धावतच खाली आली. "मामा, फुलांतून धूर निघतोय!" वर जाऊन पाहिले, तो काड्या तळापासून जेमतेम दोन बोटांवर जळून काळ्या पडलेल्या, आणि वरचे तुरे जसेच्या तसे. आग वरून लागली असती तर तुरे आधी जळायला हवे होते!

हेडलाइटच्या वाटीचा उभा छेद घेतला तर जी वक्ररेषा मिळते तिला अन्वस्त म्हणतात. तिचा गुण असा, की अक्षाला समांतर येणारे सर्व किरण परावर्तनानंतर एकाच बिंदूतून जातात. हा बिंदू म्हणजे नाभी. प्रकाशाचा मार्ग उलटही तोच असतो. म्हणून मोटारीत बल्बची तार नाभीपाशी ठेवली, की समांतर झोत दूरवर जातो. भाचीने या यंत्रातून बल्ब काढला आणि त्याच्या जागी वाळलेली काडी ठेवली.

नाभी कोठे आहे हे मोजपट्टीने काढता येते. वाटीच्या तोंडाचा व्यास व्या आणि खोली खो असेल, तर तळापासून नाभीचे अंतर = व्या² ÷ (१६ × खो). (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी y² = ४ax यावरून हे सूत्र स्वतः मिळवावे.) आमच्या वाटीचा व्यास १८ सें.मी., खोली साडेसात. ३२४ भागिले १२०, म्हणजे २.७ सें.मी. काड्या जळाल्या त्या बरोबर तेथेच.

उष्णता किती? तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौ. सें.मी. निरभ्र दुपारी दर चौ. सें.मी. वर साधारण एक दशांश वॅट ऊन पडते. म्हणजे २५ वॅट; परावर्तनातील घट सोडली तरी २० वॅट. आकडा लहान वाटेल, पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या डाग देण्याच्या इस्त्रीची शक्तीही एवढीच असते, आणि येथे ती ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत एकवटते.

मग हे मे महिन्यातच का घडले? उताण्या वाटीचा अक्ष उभा. सूर्य बरोबर डोक्यावर आला तरच त्याचे किरण अक्षाला समांतर होतात. बीड जिल्हा सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदाच माथ्यावर येतो, मेच्या मध्याच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस. जुलैत बहुधा ढग असतात. डिसेंबरात हीच फुलदाणी तेथे निर्धास्त राहिली असती. मात्र वाटी पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून उभी ठेवली, तर मावळतीचा सूर्य तिच्या अक्षावर येऊ शकतो. लंडनमध्ये २०१३ साली एका उंच इमारतीच्या अंतर्वक्र काचांनी असेच ऊन एकवटून खाली उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळवले होते. आमच्याकडे मोटारीच्या भागाने घराकडे मोर्चा वळवला होता, इतकेच.

हेडलाइटपासून टेबलावरचा दिवा करायचा असेल तर पुढची काच शाबूत असलेलाच घ्या. तिच्यावरील उभ्या पन्हाळ्या प्रकाश आडवा पसरवतात, म्हणून ऊनही एका बिंदूत एकवटत नाही. वाटी चिंच किंवा राख लावून घासू नका. आतील ॲल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो, तो तांब्याच्या भांड्याचा नव्हे. बल्ब १२ व्होल्टचाच ठेवा. मोटारीचा ६० वॅटचा बल्ब ५ ॲम्पिअर प्रवाह घेतो आणि फार तापतो. ५ वॅटच्या एलईडीला अर्धा ॲम्पिअरही लागत नाही. काही जण धातूच्या याच कवचात २३० व्होल्टचा होल्डर बसवतात. तारेचे आवरण एका जागी खरचटले आणि अर्थिंग नसले, तर दिवा पुसणाऱ्याच्या हातात तो विजेचा खांबच ठरेल.

दिवा तयार झाल्यावर अंधाऱ्या खोलीत त्याचे तोंड भिंतीकडे करा आणि काच बसवण्यापूर्वी छोटा बल्ब अक्षावरून मागेपुढे सरकवा. भिंतीवरचा ठिपका लहानात लहान होईल ती जागा नाभी. सूत्राने काढलेल्या अंतराशी ती ताडून पाहा. वाचायला दिवा हवा असेल तर बल्ब तेथून थोडा पुढे आणा, डोळे दिपणार नाहीत. हा प्रयोग उन्हात करू नये. आणि भंगारात एखादी उथळ वाटी हाती लागली, समजा २० सें.मी. व्यासाची आणि ४ सें.मी. खोल, तर सूत्र लावून पाहा. उत्तर सव्वासहा येते. तिची नाभी वाटीच्या आत नाही, तोंडाबाहेर सव्वादोन सें.मी. वर आहे. जवळ पडदा कोठवर येतो तेही त्याच वेळी मोजून ठेवा.