सेकंद ‘दुसरा’, मग पहिला कोण?

पावसाळ्यात नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, की गोदावरीत इतके क्युसेक पाणी सोडले अशी बातमी येते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. म्हणजे दहा हजार क्युसेकला सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी! या शब्दातला ‘सेक’ सेकंदाचा. पण इंग्रजीच्या तासाला तुम्ही सेकंद म्हणजे ‘दुसरा’ असे शिकलात. मग पहिला कोण?

पहिले मिनिट. बाबिलोनी लोक साठाच्या हिशेबाने मोजत. त्याच रीतीने खगोलज्ञांनी अंशाचे आणि पुढे तासाचेही साठ भाग पाडले. लॅटिनमध्ये हा ‘पार्स मिनुटा प्रिमा’, म्हणजे पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ भाग केले, तो ‘पार्स मिनुटा सेकुंडा’, दुसरा बारीक भाग. बोलता बोलता पहिल्याचे नुसते ‘बारीक’ उरले आणि दुसऱ्याचा नुसता क्रमांक! तिसरा भागही जुन्या गणितांत आढळतो. घड्याळात मात्र त्याला जागा मिळाली नाही.

आपल्याकडेही साठच. अहोरात्रीच्या साठ घटका, घटकेची साठ पळे. पळ २४ सेकंदांचे. दहा हजार क्युसेकने एका पळात सुमारे ६८ लाख लिटर पाणी जाते.

बातमीत कधी ‘क्युमेक’ही येतो. तो सेकंदाला एक घनमीटर, क्युसेकच्या ३५ पट. पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी हे एक अक्षर नीट वाचावे. सेकंद दोन्हींत तोच.