रसिकांची दाद : ब्लूज संगीतातील एका मैफलीचा अभ्यास

मैफल गाणाऱ्याची की ऐकणाऱ्यांची, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. समेवर गवई आला म्हणजे श्रोत्यांच्या माना आपोआप डोलतात. एखादी जागा अवचित सुंदर घेतली गेली म्हणजे जाणत्याच्या मुखातून ‘वाहवा’ उमटते. गायकही त्या उद्गाराकडे वळून पाहतो आणि दुप्पट उमेदीने पुढील आवर्तन बांधू लागतो. ही देवघेव जेथे नाही तेथे गाणे असेल, पण मैफल असेलच असे नाही.

हा विषय आम्हांस सुचला तो एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. शाळेच्या संगीत-मंडळात आम्ही बी. बी. किंग या अमेरिकन निग्रो गायकाची एक गाजलेली ध्वनिमुद्रिका लावली होती. गाणे ऐन रंगात असता मुद्रिकेतील श्रोते आरडाओरडा करू लागले, कोणी किंचाळले, कोणी मोठ्याने हसले. तेव्हा ती विद्यार्थिनी म्हणाली, “गाणे दुःखाचे आहे असे तुम्ही सांगितलेत. मग हे लोक हसतात का? आणि गाणारा गात असताना मध्येच ओरडणे ही अशिस्त नव्हे काय?” प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. प्रस्तुत लेख हे त्याचेच उत्तर आहे.

ब्लूजचा जन्म आणि बांधणी

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या पिढ्यान्‌पिढ्या राबल्या. १८६५ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली, परंतु दारिद्र्य आणि अपमान नष्ट झाले नाहीत. पुष्कळांच्या नशिबी दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसणे आणि जमीनदाराच्या कर्जात बुडून राहणे एवढेच उरले. या लोकांच्या शेतातील हाका, कष्टाची गाणी आणि प्रार्थनामंदिरांतील भजने यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे लौकिक गाणे आकारास आले, ते ‘ब्लूज’ होय. ‘ब्लू’ म्हणजे निळा. इंग्रजी भाषेत हा रंग खिन्नतेचा मानतात, म्हणून हे नाव.

याची बांधणी अगदी साधी आहे. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड मिळून एक आवर्तन होते. म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. या आवर्तनात तीन ओळी बसतात. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. स्वरांतही एक विशेष आहे. गंधार आणि निषाद हे स्वर पुष्कळदा शुद्ध आणि कोमल यांच्या मधोमध कोठेतरी लावले जातात. आपल्या कानांना हे परके वाटू नये, कारण श्रुतींची ओळख आपणांस आहेच.

परंतु ज्या गोष्टीकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो ती अशी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार खंड येतात, पण शब्द साधारणपणे दोन खंडांतच संपतात. उरलेले दोन खंड मोकळे असतात. ही जागा रिकामी नसते; ती उत्तरासाठी राखलेली असते. गायकाने हाक द्यायची आणि वाद्याने ओ द्यायची, हे त्या संगीताचे मर्म आहे. शाहिराने पोवाड्याची ओळ फेकावी आणि मागून झीलकऱ्यांनी ‘जी जी’ म्हणून ती उचलून धरावी, तशातलाच हा प्रकार.

फुंकीच्या वाद्यांचे काम

आपल्या शास्त्रकारांनी फुंकून वाजविण्याच्या वाद्यांना सुषिर वाद्ये म्हटले आहे. ब्लूज-वादक अशा सर्व वाद्यांना मिळून सरसकट ‘हॉर्न’ म्हणतात. ट्रंपेटमध्ये वादकाचे ओठच कंप पावतात आणि तीन कळांनी नळीची लांबी बदलून स्वर साधले जातात. सॅक्सोफोन हे वाद्य बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्स या कारागिराने बनविले आणि १८४६ साली त्याचे पेटंट घेतले. त्याचे अंग पितळेचे असले तरी आवाज निघतो तो तोंडाशी बसविलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून. म्हणून शास्त्रज्ञ त्याची गणना पट्टीच्या सुषिर वाद्यांत करतात. त्यातील ‘टेनर’ जातीच्या सॅक्सोफोनचा आवाज पुरुषाच्या गळ्याशी मिळताजुळता असल्यामुळे तो गाण्याला सोबत करतो तेव्हा दुसरा माणूसच बोलू लागल्याचा भास होतो.

ब्लूजच्या वाद्यवृंदात ही वाद्ये मुख्यत्वे तीन कामे करतात. पहिले, लहानसा स्वरसमूह पुन्हा पुन्हा वाजवून गाण्याला गती देणे. तबलावादनात लेहरा जे काम करतो, त्याच्याशी याचे नाते आहे. दुसरे, लांब स्वर धरून गायकाच्या पाठीशी आधार उभा करणे. तिसरे काम सर्वांत अवघड. सर्वांनी एकाच क्षणी एक ठोस आघात करायचा आणि लगेच पूर्ण थांबायचे. त्या शांततेत गायक एकटा उरतो आणि त्याचा शब्द विजेसारखा चमकतो. हे थांबणे एकाचेही पाव मात्रेने चुकले तर सारा परिणाम फसतो.

मैफलीचा नायक

रायली बी. किंग यांचा जन्म १६ सप्टेंबर १९२५ रोजी मिसिसिपी राज्यातील एका मळ्यावर झाला. लहानपणीच आई वारली. कापूस वेचणे, पुढे ट्रॅक्टर हाकणे ही कामे त्यांनी केली. विशी ओलांडल्यावर ते मेंफिस शहरी आले आणि तेथील नभोवाणी केंद्रावर एका शक्तिवर्धक औषधाची जाहिरात गाता गाता लोकांच्या ओळखीचे झाले. तेथे त्यांना ‘ब्लूज बॉय’ म्हणत. त्याचीच आद्याक्षरे पुढे ‘बी. बी.’ झाली.

त्यांच्या गिटारच्या नावाची कथाही प्रसिद्ध आहे. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधील ट्विस्ट या खेड्यात त्यांचे गाणे चालू असता दोन माणसांच्या झटापटीत उबेसाठी पेटविलेले घासलेटचे पिंप उलथले आणि इमारतीला आग लागली. किंग बाहेर पडले. पण गिटार आत राहिल्याचे ध्यानात येताच जिवावर उदार होऊन पुन्हा आत शिरले. भांडण ल्यूसिल नावाच्या स्त्रीवरून झाले होते असे त्यांना मागाहून कळले. असा अविचार पुन्हा हातून घडू नये याची आठवण म्हणून त्यांनी आपल्या गिटारला तेच नाव दिले.

किंग एकाच वेळी गात आणि वाजवीत नसत. ओळ संपली की ल्यूसिल बोलू लागे. ती थांबली की ते गात. डाव्या हाताच्या बोटाने तार हलवून ते स्वराला असा कंप देत की गिटारमधून मानवी कंठातील आंदोलन ऐकू यावे. आणि या दोघांच्या संवादात तिसरा पक्ष असे तो फुंकीच्या वाद्यांचा. काउंट बेसी आणि लुई जॉर्डन यांच्या वाद्यवृंदांचे किंग यांना मोठे प्रेम होते आणि तोच डौल त्यांनी ब्लूजमध्ये आणला. कष्टही तसेच केले. १९५६ या एका वर्षात त्यांनी गावोगाव फिरून ३४२ कार्यक्रम केले, अशी नोंद आहे.

शिकागोतील ती मैफल

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल नाट्यगृहात किंग यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. १९२८ साली उघडलेले हे भव्य नाट्यगृह शहराच्या दक्षिणेकडील निग्रो वस्तीचे भूषण होते. समोर बसलेला समाज कोण होता हे ध्यानात घेतले पाहिजे. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख निग्रो लोक दक्षिणेकडील राज्ये सोडून देशाच्या इतर भागांत गेले आणि त्यांतील पुष्कळांनी शिकागो जवळ केले. म्हणजे सभागृहातील बहुतेकांनी, किंवा त्यांच्या आईबापांनी, तोच कापसाचा मळा पाहिला होता. नागरी हक्कांचा महत्त्वाचा कायदा संमत होऊन त्या वेळी पाचच महिने झाले होते.

निवेदकाचे शब्द संपतात न संपतात तोच वाद्यवृंद वेगाने सुरू होतो. ‘रोजच मी खिन्न आहे’ अशा आशयाचे हे गाणे. पण त्याची चाल बघावी तर नाचरी! सॅक्सोफोन आणि ट्रंपेट एकमुखाने उसळतात आणि शब्दांतील दुःखाला जणू खांद्यावर घेऊन धावू लागतात. येथेच आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ब्लूज दुःख लपवीत नाही, पण दुःखापुढे मान तुकवून बसतही नाही.

उरलेले अर्धे उत्तर ‘हाउ ब्लू कॅन यू गेट’ या गाण्यात सापडते. यातील नायक आपण बायकोला काय काय दिले आणि तिने त्यात कसे उणे काढले, याची यादी वाचतो. प्रत्येक तक्रारीनंतर वाद्ये एकदम आघात करून थांबतात आणि त्या मोकळ्या जागेत श्रोत्यांचा कल्लोळ उठतो. यादी जसजशी पुढे सरकते तसतसा तो चढत जातो आणि शेवटच्या तक्रारीला सारे नाट्यगृह दणाणून जाते. कित्येक स्त्रिया आनंदाने किंचाळतात. आता मघाचे दोन मोकळे खंड आठवावेत. उत्तराची ती जागा कधी ल्यूसिल भरते, कधी सॅक्सोफोन, आणि कधी श्रोते. त्यांचे ओरडणे गाण्यात व्यत्यय आणीत नाही. ते योग्य मात्रेवर पडते आणि पुढच्या हाकेला वाट करून देते. ही अशिस्त नव्हे. ही त्या परंपरेची शिस्तच आहे. रविवारी प्रार्थनामंदिरात धर्मोपदेशकाच्या वाक्याला ज्यांनी लहानपणापासून मोठ्याने प्रतिसाद दिला, तेच लोक येथे बसले होते.

या यशात वाटेकरी असलेल्यांची नावे आम्ही मुद्दाम देतो. टेनर सॅक्सोफोनवर जॉनी बोर्ड आणि बॉबी फोर्टे, ट्रंपेटवर केनेथ सँड्स, पियानोवर ड्यूक जेथ्रो, मंद्र स्वरांच्या बेस गिटारवर लिओ लॉची आणि ढोलांवर सनी फ्रीमन. चाहते किंग यांचे नाव घेतात ते योग्यच आहे. परंतु ज्या थांबण्यामुळे त्यांचा शब्द चमकला, ते थांबणे या सहा जणांचे होते.

पुढील कथा

ही ध्वनिमुद्रिका १९६५ साली प्रसिद्ध झाली. पुढे इंग्लंडातील एरिक क्लॅप्टन यांच्यासारखे वादक कार्यक्रमापूर्वी मन तयार करण्यासाठी ती ऐकत. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांत तिचा समावेश केला. स्वतः किंग मात्र विनयाने म्हणत की, याहून चांगल्या मैफली आपण पुष्कळ केल्या.

एक गोष्ट मात्र मनास लागून राहते. त्या काळी अनेक तरुण निग्रो श्रोत्यांना ब्लूज नकोसा झाला होता. त्यात त्यांना मळ्यावरच्या लाजिरवाण्या दिवसांची आठवण येई. याउलट १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गोऱ्या तरुणांचा मोठा समुदाय किंग यांनी एक स्वर छेडण्यापूर्वीच मानवंदना देण्यासाठी उठून उभा राहिला, तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने भरले. आपल्या घरचे धन दुसऱ्याने ओळखावे आणि आपण त्याची लाज बाळगावी, असे जगात अनेक ठिकाणी घडले आहे. रीगल नाट्यगृह १९७३ साली पाडले गेले. किंग १४ मे २०१५ रोजी निवर्तले. त्या मैफलीतील दाद मात्र मुद्रिकेत अजून ताजी आहे.

आम्हां गोमंतकीयांस या वाद्यांचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. येथील चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकविले गेले आणि त्यांतूनच मुंबईच्या वाद्यवृंदांना नामांकित वादक मिळाले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेटवादक म्हणून गाजले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातील सी. रामचंद्र यांच्या संगीतात त्यांचा मोठा हातभार होता. त्या गाण्यांवर आपले आजी-आजोबा नाचले, परंतु वाजविणाऱ्यांची नावे किती जणांनी विचारली?

विद्यार्थिमित्रहो, दाद देणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. परक्या समाजाचे गाणे ऐकताना त्याची रीत आधी समजून घ्यावी आणि मगच शिस्त-बेशिस्तीचा निवाडा करावा. आणि पुढील खेपेस गावच्या फेस्तात किंवा लग्नाच्या वरातीत बँड वाजू लागेल, तेव्हा घटकाभर थांबून त्या ट्रंपेटवाल्याचे नाव विचारावे. एवढे घडले तरी आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न सार्थकी लागला असे आम्ही समजू.

अभ्यासासाठी

१. ब्लूजच्या आवर्तनातील मोकळ्या खंडांचे महत्त्व स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. पोवाडा, भजन किंवा आरती यांपैकी एकात हाक आणि उत्तर कोठे येते, ते ऐकून टिपा.

३. तुमच्या गावातील एखाद्या वृद्ध वादकास भेटून तो वाद्य कोणाकडे शिकला याची माहिती मिळवा व वर्गात सांगा.