हबसाणातील नाताळ

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले, म्हणजे समोर खांदेरी व उंदेरी ही दोन दुर्गबेटे दिसतात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीस तटबंदी घालण्यास आरंभ केला. तिला शह देण्यासाठी जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८० मध्ये उंदेरी बळकावली. सिद्दी मुसलमान होते. परंतु त्यांच्या पूर्वजांची भूमी जे हबसाण, तेथे ४ थ्या शतकापासून ख्रिस्ती धर्म नांदत आहे. त्या देशास आज इथिओपिया म्हणतात.

तेथील पंचांग निराळे असल्यामुळे नाताळ ७ जानेवारीस येतो. त्यापूर्वी सुमारे ४० दिवस भाविक मांस, दूध व अंडी वर्ज्य करतात. लालिबेला या गावी, वेरूळच्या कैलास लेण्याप्रमाणे, अखंड खडक वरून खाली कोरून घडविलेली ११ ख्रिस्तमंदिरे आहेत. सणाच्या रात्री शुभ्र वस्त्रे ल्यालेले हजारो यात्रेकरू तेथे जागरण करतात. धर्मगुरू ढोलाच्या ठेक्यावर डोलत स्तोत्रे गातात. मग उपवास सुटतो. आंबोळीसारखी जाळीदार ‘इंजेरा’ आणि कोंबडीचे तिखट कालवण सारे कुटुंब एकाच ताटातून खाते.

पुढे मैदानात ‘गेन्ना’ रंगतो. वाकड्या काठीने चेंडू टोलवण्याचा हा खेळ हॉकीसारखा असतो. ख्रिस्तजन्माची वार्ता ऐकून मेंढपाळ हर्षाने आपल्या काठ्यांनीच खेळू लागले, अशी कथा आहे. या खेळात धन्याने चाकरावर रागवावयाचे नाही, असा जुना संकेत! एरवी मान खाली घालून वावरणारा चाकर त्या दिवशी धन्याच्या बरोबरीने खेळे. पक्वान्नांनी सण गोड होतो. थोर होतो, तो अशा बरोबरीने.

अभ्यास : ही बरोबरी एका दिवसापुरतीच का असावी? तुमचे मत लिहा.