जुने ऑइल इंजिन व जनित्र : पारख, खरेदी आणि जीर्णोद्धार

आमच्या ज्या सभासद बंधूंची वखार अथवा दालमिल गावाबाहेर आहे, त्यांच्या मनात पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा तरी जनित्र घेण्याचा विचार येऊन जातो. नवे घ्यावे तर किंमत ऐकून विचार मागे पडतो. जुने घ्यावे तर फसगतीची धास्ती. आम्ही २०१७ साली पलसाणा येथील आमच्या वखारीकरिता एक जुने ऑइल इंजिन विकत घेतले, ते खोलून दुरुस्त करविले व त्यास जनित्र जोडले. या व्यवहारात आम्ही काय शिकलो, व एक गोष्ट न शिकल्यामुळे केवढ्या अनर्थाच्या काठापर्यंत गेलो, हे सभासदांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण व चाळीस वर्षांची आडत, एवढीच आमची पुंजी.

या खरेदीत गरजेइतकीच हौसही होती, हे आरंभीच कबूल करणे बरे. आमचे वडील नंदुरबारास असताना त्यांची छोटी दालमिल होती व ती अशाच एका इंजिनावर चाले. पहाटे त्याचा ठोका सुरू झाला की आळीतील बाया चुली पेटवीत. पुढे विजेची तार आली, मोटार बसली, आणि इंजिन भंगाराच्या भावाने गेले. ते गाडीवर चढवले जात असताना वडील पेढीवरून उठून बाहेर आले नाहीत, एवढे आम्हास स्पष्ट स्मरते.

आता यंत्राविषयी थोडे. मोटारीच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पडून इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलचा पंप जोराने मारला असता त्याचे तोंड गरम होते, हे मुलांसही ठाऊक आहे. तेच तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर वापरले आहे. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापून लाल होण्याच्या बेतास येते, आणि त्या क्षणी आत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे यशस्वी झाले. इंग्लंडातील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास एकाच सिलिंडरचे, दोन जड चाकांचे, संथ गतीचे जे इंजिन काढले, ते शेतकऱ्याच्या व गिरणीवाल्याच्या हाती सहज टिकणारे ठरले. त्यापूर्वीची अनेक तेल-इंजिने सुरू करण्यासाठी त्यांचे डोके दिव्याच्या झोताने तापवावे लागे. हे थंडच सुरू होई. पुढे त्याचे प्रचलित रूप सहा अश्वशक्तीचे व मिनिटास ६५० फेऱ्यांचे झाले. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्यात स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिने होऊ लागली होती. १९४६ साली किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्याजवळ खडकीस निघाला. आणि लिस्टरच्या नमुन्यावर हुबेहूब इंजिने ओतण्याचा धंदा राजकोटात एवढा वाढला की गुजरात व खानदेशातील विहिरीविहिरीवर राजकोटचे इंजिन दिसू लागले.

कडोदऱ्याहून नवसारीकडे जाताना महामार्गावर पलसाणा लागते. आसपास सगळा ऊस. काकरापारचे, व १९७२ मध्ये धरण पुरे झाल्यावर उकाईचे पाणी या भागास मिळाले, पाठोपाठ वीजही आली, आणि विहिरींवरची इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. आम्हास मिळालेले इंजिन बारडोली तालुक्यातील एका मळ्यावर असेच पडून होते. मालकाने पस्तीस हजार सांगितले, कारण त्यांच्या मते ते अस्सल विलायती लिस्टर होते. पितळी पाटीही तशीच होती. परंतु पाटीचे रिबीट नवे, आणि तिच्या कडेला जुन्या पाटीची दोन भोके रंगाखाली बुजवलेली. ही पाटी कोणी बसवली ते मालकासही ठाऊक नव्हते. त्यांनी ते तसेच विकत घेतले होते. उधन्याचे एक वृद्ध खानदेशी मिस्त्री आमच्याबरोबर होते. त्यांनी दार उघडून आतल्या ओतकामावर बोट फिरविले व म्हणाले, ‘‘शेठ, हे राजकोटचं. पण वाईट नाही.’’

पोत्याच्या तोंडचा माल पाहून सौदा करणारा आडत्या जसा बुडतो, तसाच इंजिनाचा रंग पाहून घेणाराही बुडतो. परखी तळापर्यंत गेली पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे इंजिन थंड असताना पाहावे. विकणारा कित्येकदा गिऱ्हाईक येण्यापूर्वी अर्धा तास ते चालवून ठेवतो. गरम इंजिन तर कसेही सुरू होते. हाताने चाक फिरवून ते दाबावर आणावे. दाब चांगला असेल तर चाक स्प्रिंगसारखे उलट उसळते. उसळत नसेल तर कान लावावा. हवा घेण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह गळतो; धुराच्या नळीतून आली तर बाहेर सोडणारा; आणि तेल भरण्याच्या भोकातून आली तर पिस्टनच्या रिंगा अथवा लायनर झिजले आहेत. पहिले दोन दोष थोड्या खर्चात सुटतात, तिसरा खिसा रिकामा करतो. तळाचे तेल बोटावर घेऊन पाहावे. ते ताकासारखे पांढुरके असेल तर त्यात पाणी शिरले आहे. चकाकणारे कण दिसले तर बेअरिंगचा धातू उतरला आहे. चाकाखाली पहार घालून हलकेच उचलून पाहावे, म्हणजे मुख्य बेअरिंगमधील ढिलाई हातास कळते. चाक दांड्यावर ज्या पाचरीने बसविलेले असते ती पाचर सैल असेल तर चालताना ठकठक होते, व अनाडी माणूस ती बेअरिंगची ठकठक समजून सगळे इंजिन खोलतो. उलटही घडते. पाण्याची जागा रात्रभर भरून ठेवता आल्यास उत्तम. सकाळी तळाच्या तेलात पाणी उतरले आहे काय, हे पाहता येते.

आमच्या इंजिनाचा दाब ठीक होता, तेल काळे पण स्वच्छ, बेअरिंगमध्ये थोडी ढिलाई. आम्ही भाव वजनावर नेला. साधारण पावणेचार क्विंटल बीड, तिचा भंगाराचा भाव एवढा, वर चालू स्थितीचे एवढे. एकोणीस हजारांत सौदा झाला. पाटी आम्ही मालकास परत दिली.

दुरुस्तीस दोन महिने लागले. मिस्त्रींनी इंजिन पूर्ण खोलले, आणि पहिला आठवडा नुसता धुण्यात गेला. त्या काळच्या पुष्कळ इंजिनांच्या पोटात ओतकामाची वाळू तशीच राहून गेलेली असे. चालताना तेल उडून सर्वत्र पोहोचते, त्याबरोबर ती वाळूही पोहोचते, आणि बेअरिंग गव्हातील खड्याने जात्याची पाळ झिजावी तसे झिजते. आम्ही रॉकेलने व तारेच्या कुंचल्याने ती काढून वाटीत गोळा केली, मूठभर भरली. त्यानंतर आतील बाजूस तेलास न विरघळणारा रंग दिला, म्हणजे उरलेसुरले कण जागीच धरले जावेत. नवीन रिंगा घातल्या. रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या दोन टोकांतील फट पट्टीने मोजावी लागते. दर इंच व्यासास तीन ते चार हजारांश इंच, असा मिस्त्रींचा ठोकताळा. म्हणजे साडेचार इंचांच्या सिलिंडरला सुमारे पंधरा हजारांश. फट न ठेवता रिंग घातली तर ती तापून फुगते व अडकते. फवारणीचे नोझल सुरतेस नेऊन तपासविले. धुक्यासारखा फवारा पडला तर ते चांगले, थेंब गळले तर वाईट. या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्याचा दाब एवढा असतो की तेल कातडीतून थेट आत शिरते.

पाणी थंड ठेवण्यास दोनशे लिटरचे पिंप पुरते व पंपही लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने पिंपात चढते, थंड पाणी खालच्या नळीने इंजिनात उतरते. फक्त वरची नळी पिंपाकडे सतत चढती हवी. मध्ये कोठे वाकून हवा अडकली की सगळा प्रवाह थांबतो. इंजिन वखारीत न ठेवता अंगणापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये बसविले. बंद जागेत त्याचा धूर माणसाचा जीव घेऊ शकतो, हे एक कारण. आणि धान्य डिझेलचा वास धरते, हे दुसरे. वास लागलेला तांदूळ कोणी घेत नाही. पहिल्यांदा सुरू करताना मिस्त्रींनी हवेच्या तोंडाशी लाकडी फळी घेऊन एक पोरगा उभा केला. गती आवरणारा गव्हर्नर अडकला व इंजिन बेभान झाले, तर तोंड झाकून त्याची हवा तोडावयाची. फळीची गरज पडली नाही. ठोका बसला तेव्हा आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या व काही न बोलता उभ्या राहिल्या. त्यांचे माहेरही नंदुरबारचेच.

जनित्राचे गणित आमच्या पिढीने शाळेत केलेल्या व्यस्त त्रैराशिकाचे आहे. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची. चार ध्रुवांच्या जनित्राला त्यासाठी मिनिटास १,५०० फेऱ्या लागतात. इंजिनाच्या फेऱ्या ६५०. चाकाचा व्यास २४ इंच असून पट्टा त्यावरूनच घेतला, तर २४ गुणिले ६५० भागिले १,५०० म्हणजे जनित्राची कप्पी सुमारे साडेदहा इंचांची हवी. पट्टा थोडा घसरतो म्हणून किंचित लहान घेतात. सहा अश्वशक्ती म्हणजे साडेचार किलोवॅट; पट्ट्यात व जनित्रात जाणारे वजा केल्यावर तीन किलोवॅटचा भार सुखाने धरता येतो. मोटार सुरू होताना चालत्या स्थितीच्या पाचसहा पट विद्युतप्रवाह ओढते, म्हणून मोठी मोटार यावर चालवण्याचा मोह टाळावा. पूर्ण भारावर ताशी सव्वा लिटरच्या आसपास डिझेल जाते.

जनित्रही आम्ही जुनेच घेतले. ते दमट झाले होते. अशा वेळी घाईने फिरविल्यास गुंडाळी जळते. वायरमनने ५०० व्होल्टच्या मेगरने तपासले, तो रोधन एक मेगोहमच्याही खाली. मग जनित्रावर गोणपाट झाकून आत शंभर वॅटचे दोन दिवे सहा दिवस पेटते ठेवले. सातव्या दिवशी काटा वर चढला. तरीही वीज निर्माण होईना, कारण वर्षानुवर्षे पडून राहिल्याने लोखंडातील शेष चुंबकत्व गेले होते. बॅटरीचा क्षणिक स्पर्श देऊन ते जागे करावे लागले. हे काम जाणत्यानेच करावे.

आता ती गोष्ट. मिस्त्रींनी सामानाची जी यादी दिली, तिच्या शेवटी चेंजओव्हर स्विच लिहिलेला होता. खर्च अंदाजाबाहेर गेला होता, म्हणून आम्ही लाल पेन्सिलीने ती ओळ खोडली व ‘पुढील महिन्यात’ असे लिहिले. ते वर्षभर राहिले. २०१८ च्या आषाढात एका संध्याकाळी वादळात वीज गेली. आम्ही देवदर्शनास गेलो होतो. चिरंजिवांनी इंजिन सुरू केले आणि दोन्ही टोकांना पिन असलेली तार जनित्रातून घेऊन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली. मुख्य स्विच पाडावयाचा राहून गेला.

परिणाम असा की आमची वीज घरात न थांबता मीटरमधून रस्त्याच्या तारांवर गेली. एवढ्याशा इंजिनावर सगळ्या आळीचा भार पडला. ठोका मंदावला, काळा धूर आला, पट्टा किंचाळू लागला. आम्ही त्याच वेळी फाटकाशी पोहोचलो, व तो आवाज ऐकून धावत जाऊन इंधनाचा दांडा ओढला. बाहेर पाहतो तो विजेच्या खांबाला शिडी टेकवून एक लाइनमन उभा. तुटलेली तार जोडण्यास तो चढणार, तोच समोरच्या घरातील दिवा लालसर लुकलुकलेला पाहून थबकला होता. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. दारात येऊन त्याने शांतपणे विचारले, ‘‘शेठ, आ लाइट तमारी हती?’’ आम्ही होय म्हणालो. तो आणखी काही बोलला नाही. त्याचे हात मात्र कापत होते, आणि आमचेही.

तारांवर उलट गेलेली वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचली, तर तेथे ती उलट दिशेने वाढते. ज्या यंत्राने ११,००० व्होल्टचे २३० करावयाचे, तेच २३० चे हजारो करते. बंद समजून तारेला हात लावणारा माणूस कोसभर दूर असला तरी मरू शकतो. चेंजओव्हर स्विच हा तीन जागांचा असतो : एकीकडे कंपनीची वीज, मध्ये बंद, दुसरीकडे जनित्र. दोन्ही एकाच वेळी जोडले जाणे त्यात शक्यच नसते. न्यूट्रलची तारही त्यातूनच तुटणारी असावी, व जनित्राच्या सांगाड्यास स्वतंत्र अर्थिंग द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकाने उघडताच आम्ही तो आणून बसविला, आणि ती दोन पिनांची तार कापून टाकली.

एक सूचना कायद्यासंबंधी. १ जुलै २०२३ पासून नव्या जनित्रांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले आहेत. जुने इंजिन रोजच्या व्यवसायासाठी नव्याची जागा घेईल, असे समजू नये. ते अडीअडचणीला, व शेजाऱ्यांची झोप सांभाळूनच चालवावे. स्थानिक नियम व वीज कंपनीची परवानगी यांची चौकशी आधी करावी.

खर्चाचा तपशील वहीतून देतो. इंजिन १९,०००, वाहतूक २,२००, सुटे भाग ११,४००, मिस्त्रींची मजुरी ९,०००, पाया, शेड व पिंप ५,६००, जुने जनित्र १६,५००, चेंजओव्हर स्विच, अर्थिंग व तारा ६,१५०. एकूण ६९,८५० रुपये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही ते अर्धा तास भारावर चालवितो, कारण पडून राहिलेले इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर बिघडते. ज्या बंधूंस पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. चहा इंजिन बंद झाल्यावर मिळेल, आधी बोलणे ऐकू येत नाही.